वाळवीनं न खाल्लेल्या सहा फळ्या

मित्रांनो, मी एक पिंजरा आहे. जुना म्हणावं तर मला होऊन चारच महिने झालेत, आणि नवा म्हणावं तर माझं लाकूड तुमच्या वडिलांच्या वयाचं आहे. माझी गोष्ट मी जरा घाईनं सांगणार आहे. मी बोलतोय तोवर तिकडं घरामागच्या परसात, बांधाच्या कडेला, विहिरीपासून लांब, मला बनवणारा ग्यानबा खड्डा खणतो आहे आणि तो खड्डा माझ्यासाठी आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, मलाही वाटत नाही. माझ्या जिवाला घोर लागलाय तो वेगळ्याच गोष्टीचा.

आमचं गाव कुरुंदा. इथं घरोघर हळद पिकते. ग्यानबाच्या घरी आंब्याच्या लाकडाची एक भलीमोठी पेटी होती. लागवडीच्या आधी हळदीचं बेणं किडीच्या औषधाच्या पाण्यात बुडवायचं आणि निथळायला त्या पेटीत ओतायचं, अशी त्या घरची पद्धत. पंधरा वर्षं असं चाललं. निथळलेलं ते पांढुरकं, उग्र पाणी पेटीच्या तळाच्या सहा फळ्यांनी निमूटपणे पिऊन घेतलं. पुढं प्लास्टिकचे क्रेट आले आणि पेटी गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडली. तिथं वाळवीनं दाराची चौकट खाल्ली, नांगर खाल्ला, जुनी बाज खाल्ली. पेटीला मात्र तिनं तोंड लावलं नाही.

मुक्या वाळवीला जे कळलं होतं, ते माणसांना कळायला फार उशीर झाला.

चैत्रात ग्यानबाचा मुलगा जगन नांदेडला हळद पोचवून परत आला, तो टेम्पोत एक खोकं घेऊन. खोक्यात एक पांढरीशुभ्र सशी होती आणि दोन गिनीपिग होते. जगनची मुलगी दिपा, सहावीची परीक्षा नुकतीच संपलेली, आनंदानं वेडी व्हायची बाकी राहिली. सशीचं नाव तिनं ठेवलं कापशी, गिनीपिगांची लाडू आणि भुऱ्या. शेजारचा कोंडीबा बघायला आला आणि म्हणाला, "ह्या उंदराची शेपूट कुठं गेली म्हणायची?" दिपा त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

गावात कुत्री, शेतात मुंगूस, तेव्हा जनावरं घरातच ठेवायची आणि त्यासाठी पिंजरा करायचा असं ठरलं. दिपानं आईच्या मोबाइलवर पिंजऱ्याचे व्हिडिओ पाहिले आणि वहीत सगळं लिहून काढलं. तळाला जाळी नको, पाय सोलतात, फळ्याच हव्यात. सशी वेगळ्या कप्प्यात, गिनीपिग वेगळ्या. लपायला एक कोपरा. हवा खेळायला समोर बारीक जाळी. पोरीनं इतकं मन लावून कधी गणितही सोडवलं नसेल.

लाकडाचा प्रश्न ग्यानबानं सोडवला. त्यानं पेटी उलटी करून तळाच्या सहा फळ्या उचकटल्या आणि उन्हात मांडल्या.

"वाळवीनं सारा गोठा खाल्ला, पर ह्या फळ्यांला तोंड लावलं न्हाई," तो अभिमानानं म्हणाला. "असं लाकूड आता मिळतं व्हय?"

दिपाची आई साधना दारात उभी होती. तिनं नाकाला पदर लावला. "आबा, ह्याला अजून वास येऊन राहिला बघा."

"हळदीच्या घरातलं लाकूड हाय, सूनबाई. रंधा मारला की जातंय."

त्यानं रंधा मारला. वरचा काळपट थर निघाला आणि आतून पिवळं, सुरेख लाकूड बाहेर आलं. वासही निघाला, पण तो भुश्याबरोबर ग्यानबाच्या नाकातोंडात गेला. दुपारी त्याचं डोकं धरलं. ऊन लागलं म्हणून तो लिंबाखाली आडवा झाला. मी काय बोलणार? मला अजून तोंडच नव्हतं.

दिपानं रंधा मारलेल्या फळ्यांवर खिळ्यानं एक ते सहा आकडे कोरले, म्हणजे कुठली कुठं बसवायची ते चुकायला नको. चार नंबरची फळी एका टोकाला चिरलेली निघाली. ती ग्यानबानं बाजूला काढली. पण लाकूड वाया घालवणं त्याच्या जिवावर येतं. त्यानं चिरलेलं टोक कापलं, उरलेल्या तुकड्याला करवतीनं गोल केलं, मधोमध मूठ ठोकली आणि स्वयंपाकघरातल्या माठावर ठेवून दिलं. दहा मिनिटांचं काम. माठाचं जर्मनचं झाकण परवाच चेपलं होतं, म्हणून साधनाही खूश झाली. हे तेवढं ध्यानात ठेवा, मित्रांनो.

उरलेल्या पाच फळ्यांचा मी झालो. संध्याकाळपर्यंत मधल्या खोलीत उभा राहिलो आणि अर्धी गल्ली मला बघून गेली. कोंडीबानं कडी दोनदा लावून पाहिली. "ग्यानबा, माझ्या कोंबडीच्या पिल्लायला असाच एक करून दे की!" तो म्हणाला. दिपाच्या हातून गुळाचा खडा आत पडला होता. त्याला रात्र उलटूनही मुंगी लागली नाही, तर त्याचंसुद्धा कौतुक झालं. इतकं कौतुक माझ्या वाट्याला आलं आणि त्यातल्या एकाही शब्दानं मला बरं वाटलं नाही. कारण तोवर लाडूनं माझा काठ कुरतडायला सुरुवात केली होती.

कुरतडणं हा त्यांचा धर्मच आहे. त्यांचे दात सारखे वाढतात, ते झिजवायला लाकूड लागतं. लाडू इमानानं रोज कुरतडायचा. त्याच्या दातांची ती बारीक करकर ऐकली की मला वाटायचं, अंग चोरावं, पण लाकडाला अंग चोरता येत नाही.

वैशाखात एका सकाळी लाडू पाय ताणून पडलेला सापडला. "उन्हानं गेला गं बाई," असं म्हणून ग्यानबानं नातीला जवळ घेतलं. मग मला गार ठेवायला माझ्यावर ओलं गोणपाट टाकलं. ओल माझ्यात मुरली आणि पंधरा वर्षांचं जे आत बसलं होतं, ते वर आलं. आठ दिवसांत भुऱ्या गेला. काकडीची साल बाधली म्हणून साधना स्वतःला दोष देत राहिली. दिपानं मला साबणानं घासघास घासलं, पुन्हा ओलं केलं आणि कापशीला माझ्यात परत ठेवून कडी लावली. ती कडी लागताना मला जे वाटलं, ते कुणालाही वाटू नये.

चौथ्या दिवशी, सकाळच्या चहाच्या वेळी, दिपा ओरडली. कापशीच्या तोंडातून लाळ गळत होती आणि सगळं अंग थरथरत होतं. ग्यानबा धावत आला, गुडघ्यावर बसला आणि तिच्याकडे बघतच राहिला. तरुणपणी एकदा कापसावर फवारताना वारा फिरला होता आणि त्याला स्वतःला असंच झालं होतं. अशीच लाळ, अशीच थरथर. त्यानं सशीचं तोंड हुंगलं. मग वाकून माझी फळी हुंगली. त्याचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला, मित्रांनो, आणि माणसाचा चेहरा एका क्षणात इतका म्हातारा होतो हे मला तेव्हा समजलं.

जगननं टेम्पो काढला. वसमतच्या जनावरांच्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली आणि कापशी वाचली. आता ती वेताच्या दुरडीत राहते. घरी मात्र ग्यानबानं एवढंच सांगितलं, "डॉक्टर म्हणले, पिंजरा बदला." खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नाही. मला उचलून घरामागं टाकलं आणि तो हळदीच्या लागवडीला लागला. नातीच्या दोन्ही जिवांना आपणच हातानं मारलं, हे त्याच्या तोंडून निघेना.

अशात श्रावण आला आणि आज सकाळी कोंडीबा दारात आला.

"ग्यानबा, तो पिंजरा मागं पावसात भिजून राहिला. काहून टाकला? पिल्लं झालीत बारा. मी नेतो."

दिपा ओट्यावर दुरडी घेऊन बसली होती. ग्यानबानं तिच्याकडे पाहिलं. "ने" म्हटलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. मी जाळीच्या तारांनिशी ताठरून गेलो.

"न्यू नको," तो म्हणाला.  "त्या लाकडात बेण्याचं औषध मुरलंय. उन्हानं न्हाई, काकडीनं न्हाई, त्यानं मेले ते दोघं. म्या मारले. लेकराला सांगायची हिंमत झाली न्हाई."

 दिपाच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. मला वाटलं, ती आता आजोबाकडे पाठ फिरवणार. पण तिनं दुरडी खाली ठेवली, घरात जाऊन हातोडी आणली आणि आजोबाच्या हातात दिली. "चला आबा, खिळे काढू," एवढंच बोलली.

तर मित्रांनो, माझे खिळे आता निघाले आहेत. ग्यानबानं पिंजऱ्याची चूक कबूल केली, त्याबद्दल माझ्या मनात त्याच्याविषयी माया आहे. पण त्याला पिंजरा आठवतो, झाकण आठवत नाही. चैत्रापासून साधनाचं डोकं दुखतं, तिला मळमळतं, कधी हात कापतात. घरात सगळे म्हणतात, उन्हाळा बाधला. उन्हाळा जाऊन दोन महिने झाले तरी तेच म्हणतात. माठाच्या गार पाण्याची ओल त्या झाकणाला लागते, थेंब धरतात आणि खाली पाण्यात पडतात. बाकीचे दिवसभर बाहेर, त्या माठाचं पाणी सगळ्यात जास्त पिते ती साधनाच. ते थेंब पडताना ऐकणारा या घरात मी एकटाच होतो.

मला फार मोठी शिकवण द्यायची नाही. कुणा मुक्या जिवासाठी घर बांधाल, तेव्हा माप घ्या, जाळी बघा, कडी बघा. पण सगळ्यात आधी लाकडाला विचारा की तू याआधी कुणाच्या घरी होतंस आणि काय प्यायलंस. आणि चूक सापडली तर तिचा शेवटचा तुकडा हाती लागेपर्यंत शोध थांबवू नका.

ग्यानबानं फळ्या खड्ड्यात मांडल्या आहेत. फावड्यानं मातीची पहिली पाटी भरली आहे. दिपा काठावर वाकून आकडे बघते आहे. तिचे ओठ हलताहेत.

"आबा, थांबा. एक, दोन, तीन, पाच, सहा." ती मान वर करते. "चार नंबर कुठाय?"

ग्यानबाच्या हातातलं फावडं खाली पडतं. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतो आणि अनवाणीच धावत सुटतो.

"सूनबाई! पाणी पिऊ नको! माठाला हात लावू नको!"

आतून लाकडी झाकण बाजूला सरकल्याचा आवाज येतो, आणि मग तांब्या पाण्यात बुडल्याचा. ग्यानबा अजून परसातच आहे.