चौदा नंबरचा शिक्का

वजनकाट्यांच्या त्या कारखान्यात तपासनिसाला नावाने कोणी हाक मारत नसे. ज्याच्या त्याच्या शिक्क्याचा नंबर हेच त्याचं नाव. तिथल्या एका तपासनीस बाईला सगळे 'चौदा' म्हणत. नऊ वर्षं तिने डोळ्यांत तेल घालून काटे तपासले. नुसतं मधोमध वजन ठेवून भागत नाही, चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहायचं आणि मगच शिक्का मारायचा, हे विभागातल्या निम्म्या लोकांना तिनेच शिकवलं होतं.

बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपवून ती परत आली, तर तिच्या खुर्चीवर एक नवी मुलगी बसलेली. साहेबांनी हसतमुखाने सांगितलं की तिला आता पॅकिंगला घेतलंय, तिथे डोक्याला ताप नाही. जसं काही बाळाबरोबर बाईचा मेंदूही बाहेर पडतो. खोक्यांना चिकटपट्टी लावायला नऊ वर्षांचा अनुभव कशाला लागतो, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. आठवडाभर तिने कळ काढली आणि मग रीतसर अर्ज दिला, की माझं टेबल आणि माझा शिक्का मला परत मिळावा.

तिथून साहेबांचं हसू आटलं. अर्जाला उत्तर आलं नाही, मेमो आला. दूध दाटलं की ती दिवसातून दोनदा स्टोअरच्या खोलीत जाऊन ते काढून येई. त्या वीस मिनिटांसाठी 'कामाच्या वेळेत जागेवर नसणे'. घरी सासूबाई म्हणाल्या, सोडून दे गं, तान्ह्यासाठी तरी. नवरा म्हणाला, तुझं तू ठरव. तिला दोघांचाही सारखाच राग आला. तीन मेमो झाले की नोकरी गेली, हा नियम तिला पाठ होता, आणि ही नोकरी तिला हवी होती. हातात कसब होतं म्हणून मिळालेली होती ती, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे.

पंधरवड्याने तिला वर तपासणी विभागात बोलावून दुसरा मेमो दिला. बाजारातून चाळीस काटे परत आले होते. वजन कोपऱ्याकडे सरकलं की आकडा बदलायचा, आणि प्रत्येक काट्यावर शिक्का चौदाचा. खापर अर्थात तिच्या माथी. तिने एक काटा उलटा करून तपासणीची तारीख वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, या तारखेला माझं बाळ अकरा दिवसांचं होतं. मी इथे कशी असेन?"

साहेबांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "मग जाताना शिक्का जमा का नाही केलात?"

कळा सुरू झाल्या तेव्हा ती टेबलाशीच होती. जिना उतरताना तिच्या मुठीतून शिक्का याच साहेबांनी काढून घेतला होता, आणि आता नवी मुलगी तोच मारत होती. तेव्हा सगळ्या विभागाने पाहिलं होतं. तिने वळून एकेकाला विचारलं, तर जो तो आपल्या काट्यात डोकं खुपसून बसला. ज्यांना तिने हाताला धरून शिकवलं, तेही. तिला रडू आलं नाही, नुसती चीड आली. तिने मेमोवर सही केली नाही. साहेबांनी खाली 'सहीस नकार' असं लिहून कागद फाइलला लावला.

त्या दिवशी दुपारी माल न्यायला ट्रक आला. खोक्यात काटा भरता भरता तिने सहज एकाच्या कोपऱ्यावर वजन ठेवलं. आकडा चुकला. मग तिने सगळेच पाहिले. अकरा काटे तिने बाजूला रचले. सगळ्यांवर तिचाच नंबर.

साहेब खाली आले. ट्रक थांबलाय, पॅक करा, म्हणाले.

"कोपऱ्यावर आकडा चुकतोय. हे अकरा मी पॅक करणार नाही."

साहेबांनी स्वतः चिकटपट्टी उचलली, खोकी बंद केली आणि ट्रक रवाना केला. अर्ध्या तासात तिला टेबलाशी बोलावून त्यांनी तिसरा मेमो पुढे केला. 'आज दुपारी अकरा काटे पॅक करण्यास नकार दिला.' साहेब इतके तयारीत होते, की खाली 'सहीस नकार' हे शब्दही त्यांनी आधीच लिहून ठेवले होते.

तिने कागद दोनदा वाचला. मग साहेबांच्या टेबलावरचं पेन घेऊन ते दोन शब्द खोडले आणि स्वच्छ अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"यात खोटं काहीच नाही," ती म्हणाली. "खाली तुमचीही सही आहे. याची एक प्रत मला द्या. ते अकरा बाजारातून परत येतील, तेव्हा लागेल."