मावशींची घासाघीस

“मावशी, तीस हजारांना द्या ना. तुम्ही दरवेळी मलाच महाग लावता.”

बायकोच्या, ओकरिमच्या फोनवर निरोप आला आणि प्यो गिलसंगच्या हातातल्या जेवायच्या काड्या तशाच राहिल्या. ओकरिमला जाऊन दोन महिने होऊन गेले होते.

चूक त्याचीच. बुप्यंगचं घर सोडून मुलीकडे राहायला जायचं, म्हणून बायकोची सोयाबीन मुरवायची मातीची बरणी त्याने वस्तीतल्या जुन्या सामानाच्या अ‍ॅपवर टाकली, चाळीस हजार वॉनला. टाकली मात्र तिच्याच खात्यावरून, कारण स्वतःचं खातं त्याने कधी उघडलंच नव्हतं. चार पैशांसाठी अंगठे झिजवते, म्हणून तो तिला आयुष्यभर हसला होता.

समोरची बाई स्वतःला ‘डाळिंब’ म्हणवत होती. खरं काय ते सांगावं म्हणून त्याने फोन उचलला, तर वर दोघींच्या जुन्या गप्पा निघाल्या. त्या वाचता वाचता त्याच्या हातून भलतंच लिहिलं गेलं.

“एक वॉन कमी होणार नाही. हाव सोड जरा.”

“बत्तीस. आणि वर तुमच्या हातची किमची.”

“किमची हवी तर पंचेचाळीस.”

“काय चेंगट हो तुम्ही मावशी!”

असं तीन-चार दिवस चाललं. भाव ठरला की बोलणं संपणार, म्हणून तो खाली येईना. फोन वाजला की आतून ओकरिम खाकरेल असं वाटायचं. त्याला भीती वाटायची, आणि ती खाकरली नाही की त्याहून वाईट वाटायचं.

मग एका दुपारी डाळिंबने विचारलं, “भाव राहू द्या. छातीत दुखतं म्हणाला होतात, डॉक्टरला दाखवलंत का? काकांना सांगितलंत की अजून लपवताच आहात?”

छातीतल्या दुखण्याबद्दल ओकरिम गिलसंगला एका अक्षराने बोलली नव्हती. त्याने लिहिलं, “ती गेली. मी तिचा नवरा.”

उत्तर यायला संध्याकाळ झाली.

“चाळीसला घेते, काका.”

“तीसला ने.”

“नको.”

“बरं, पस्तीस. तिने पस्तीसला दिलीच असती.”

“काका, आता घासाघीस नको.”

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या फाटकाशी काळा कोट घातलेली एक चाळिशीची बाई हातगाडी घेऊन उभी होती. दोघांनी मिळून बरणी गाडीवर चढवली.

“मला कळलंच नाही हो,” ती म्हणाली. “नाहीतर मी आले असते.”

तिने दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं. पाच हजार परत घे, असं म्हणायला गिलसंगने तोंड उघडलं आणि त्याचं लक्ष गेलं. पाकीट पांढरं होतं, मयताच्या घरी पैसे घालून देतात तसलं. त्याच्यावर कुणी भाव करत नाही. त्याने वाकून ते दोन्ही हातांनी घेतलं.

ती गेल्यावर त्याने ते उलटं केलं. मागे खालच्या कोपऱ्यात, रिवाजाप्रमाणे, देणारीचं खरं नाव लिहिलं होतं: मा युन्सन. पाकीट न उघडता तो फाटकाशीच ते नाव वाचत उभा राहिला.