सत्तरला एक कमी

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. एकोणऐंशी हजार नऊशे एकोणसत्तर, अंकांत ७९,९६९. पाच अंकी, अंगाने भारदस्त. मला दोनने भाग जात नाही, तीनने नाही, सातनेही नाही. त्यामुळे बरेच जण लवकरच माझा नाद सोडतात.

संख्या तशा सदाच असतात. पण मी कुणाची तरी झाले ती एका मागापाशी. गालिचे विणणाऱ्या एका बाईने स्वतःच्या घरासाठी एक गालिचा विणला. एका ओळीत २११ गाठी, अशा ३७९ ओळी. दोन्ही मूळ संख्या तिने मुद्दाम निवडल्या. त्यांचा गुणाकार म्हणजे मी. "दोन आकडे कोण लक्षात ठेवणार? एकच ठेवते. दोन्ही त्याच्या पोटात आहेत," असं ती आपल्या दोन्ही मुलींना सांगायची. एवढा मान किती संख्यांना मिळतो?

पुढे बरीच वर्षं मला कुणी विचारलं नाही. मुली गालिच्यावर लोळल्या, भांडल्या, मोठ्या झाल्या. एका वर्षी घरात पाणी शिरलं आणि गालिचा कुजला. तोवर आईची आठवणही विरत चालली होती. ती मुलींच्या नावांची अदलाबदल करायची, उघड्या फरशीवर पाय टाकायला बिचकायची आणि हे आपलं घर नाही म्हणायची. मी मात्र तिच्या ओठांवर होते.

थोरलीने तसाच गालिचा विणायचं ठरवलं. नक्षी तिच्या बोटांत होती. हरवलं होतं ते माप. मागावर उभे धागे किती ताणायचे हे आधीच ठरवावं लागतं, मागाहून बदलता येत नाही. म्हणून धाकटीने आईकडून मला लिहून घेतलं आणि दोघी माझे अवयव शोधायला बसल्या. तीन दिवस झाले तरी कशानेच भाग जाईना. उरले विभाजक दोनच, एक आणि ती संख्या स्वतः.

"ताई, एका गाठीचा पन्हा? आईने गालिचा विणला की सुतळी?" धाकटी म्हणाली.

थोरलीला हसू आलं नाही. तिने कागद उचलून मोठ्याने वाचला, "एकोणऐंशी हजार नऊशे एकोणऐंशी."

खिडकीशी बसलेली आई वळली. "एकोणसत्तर. सत्तरला एक कमी गं. किती वेळा सांगायचं तुला?"

धाकटीने जीभ चावली. शाळेपासूनची तिची खोड. एकोणसत्तर ऐकलं की हात ७९ लिहून मोकळा. आणि ते ७९,९७९ नेमकं मूळ संख्या निघालं होतं. तिने सात खोडून सहा केला. काल २११ ने भागल्यावर दहा उरले होते, आज बाकी शून्य. भागाकार ३७९. माझे मूळ अवयव हे दोनच, त्यामुळे दुसरं कुठलं माप असणंच शक्य नव्हतं. जुना गालिचा रुंदीपेक्षा लांब होता हे दोघींना आठवत होतं, म्हणून पन्हा २११ गाठींचा.

चार महिन्यांनी आईने नव्या गालिच्यावर अनवाणी पाय ठेवला. अंगठ्याने कड चाचपली आणि दारापासून खिडकीपर्यंत न बिचकता चालत गेली. मुलींची नावं तिला तेव्हाही आठवली नाहीत. "बसा गं दोघी. आपलंच घर आहे," ती म्हणाली.

तिने सगळं सांडलं, पण मला सांडलं नाही. हे उपकार मी कसे फेडू? मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी एकच आकडा पुन्हा पुन्हा सांगत असेल तर कंटाळू नका. तो लिहून घ्या आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. चुकला असेल तर ते सांगतील. सांगणारं माणूस समोर बसलेलं आहे तोवर हे करून घ्या.