पूर्ण नाव, पत्ता

लार्कने बाळाला डाव्या खांद्यावर घेतलं आणि उजव्या हाताने माईक खाली ओढला.

"आधी पूर्ण नाव, पत्ता," जिल्हा मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "मग बोला."

लार्कने बाळाला सावरलं. डोंगरातल्या साऱ्या पोरांसारखीच ती वाढली होती. आडनाव कुणाला सांगायचं नाही. घर कुठे विचारलं तर 'वर' म्हणायचं. आई काय करते? गांजा लावते म्हणायचं नाही, लाकडं विकते म्हणायचं. आता कॅलिफोर्नियाने गांजा कायदेशीर केला होता. पण परवाने डोंगरातल्या छोट्या वाफ्यांनाही द्यायचे, की फक्त सपाटीवरच्या बड्या काचघरांना, हे आज ठरणार होतं. परवाना नाही म्हणजे डोंगर सोडायचा. सगळं भाषण तिला पाठ होतं. नाव तेवढं निघत नव्हतं.

बाळ कुरकुरलं. पटकन सटकता येईल अशा कडेच्या खुर्चीवरून तिची आई, डेल्फीन, उठली. पुढे येऊन तिने नातवाला घेतलं आणि माईकवर वाकली.

"डेल्फीन रूथ हार्गिस. सुका ओढा ओलांडला की डावीकडचा कच्चा रस्ता. जळक्या रेडवुडच्या झाडानंतरचं फाटक."

"आई!" लार्क पुटपुटली. भिंतीशी शेरीफचे दोन शिपाई उभे होते.

"काय आई? लपायला मीच शिकवलं ना? मग ती सवय मोडायचीही मीच."

त्यातला टकला शिपाई हसला. "बाई, ते फाटक शोधण्यात माझी निम्मी नोकरी गेली."

"मग विचारायचंस की, मेल्या!"

सभागृहात हशा पिकला. तो ओसरेपर्यंत डेल्फीन बाळाची पाठ थोपटत राहिली.

"वाफे मी लावले, आता ही लावते. उद्या या पोराला कुणी विचारलं, आई काय करते, तर त्याला खरं सांगता यावं. बास."

ती बाजूला झाली. मागच्या रांगेतून म्हातारा मूस उठला; डोंगरात त्याचं दुसरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. लार्कची नाळ त्यानेच कापली होती, घरातल्या चुलीपुढे. टोपी काढून तो माईकशी आला, खाकरला.

"क्लॅरेन्स यूजीन व्हिटकोम."

लार्कने चमकून वर पाहिलं. "क्लॅरेन्स?"

"हसशील तर बघ."

त्याच्यामागे आपलं नाव सांगायला एकेक जण उभा राहू लागला होता. अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं, मग ती वाढती रांग, आणि टकल्या शिपायाला म्हणाल्या, "म्हाताऱ्यांना खुर्च्या द्या. आज जेवायला उशीर होणार."