अठ्ठेचाळीस नंबरचं उत्तर

“अहो ताई, उत्तर येतंय की!” फोन खांद्यात दाबून पिंगकाका म्हणाले. पडद्यावर चार ओळी टपाटप उमटल्या होत्या. “अठ्ठेचाळीस नंबरचा प्रिंटर ठणठणीत आहे. बोलतोय माझ्याशी!”

“तुमच्याशी बोलतो, पण मी लॅबमधून पाठवलेल्या रिपोर्टचा तिसऱ्या मजल्यावर कागद देत नाही, त्याचं काय?” लॅबताई वैतागल्या होत्या. “तिसऱ्यांदा सांगतेय तुम्हाला.”

“मग तुम्हीच नको ते बटण दाबत असाल.”

फोन ठेवताना काका गालात हसलेसुद्धा.

हॉस्पिटलचं नेटवर्क एकोणीस वर्षं त्यांच्या हातात होतं. प्रत्येक यंत्राला एक पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. काका खुर्चीतूनच त्या पत्त्यावर हाळी देत, म्हणजे पिंग करत, आणि यंत्र ‘आहे’ म्हणालं की विषय संपला! म्हणून तर नर्सेसनी ‘पिंगकाका’ हे नाव ठेवलं होतं. बाहेरच्या चोरांसाठी त्यांनी फायरवॉल अशी उभारली होती, की मुंगीनंही आत यायला अर्ज करावा.

लॅबताई मात्र रिपोर्ट हातात घेऊन तिसऱ्या मजल्याचे जिने चढत राहिल्या. लिफ्टपुढे स्ट्रेचरची रांग, आणि गुडघे तर बोंबलतच होते. तिथल्या अतिदक्षता विभागातल्या एका आजोबांचा पोटॅशियमचा रिपोर्ट चाळीस मिनिटं उशिरा पोचला. आजोबा वाचले, पण अगदी थोडक्यात. मोठ्या डॉक्टरांनी ताईंच्या हातात मेमो ठेवला: लेखी खुलासा द्या. निवृत्तीला उरले होते अकरा दिवस, आणि एवढ्या वर्षांच्या कोऱ्या फायलीत हा पहिला डाग!

हे कानावर आलं तेव्हा काका एकदाचे उठले. वर जाऊन त्यांनी प्रिंटरची वायर उपटली आणि निव्वळ सवयीनं लॅपटॉपवरून पिंग केलं.

चार ओळी. टपाटप.

वायर तर काकांच्या मुठीत होती. मग ‘आहे’ म्हणतंय कोण?

काल संध्याकाळी घरी पळायच्या घाईत त्यांनी मागच्या फाटकावर कॅमेरा बसवला होता. पत्त्यांची वही उघडायचा कंटाळा केला आणि मनानंच आकडा ठोकून दिला. अठ्ठेचाळीस! एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर. जो आधी ‘ओ’ देईल, पत्र त्याच्या दारात. सकाळपासून पेशंटांचे रिपोर्ट फाटकावरच्या कॅमेऱ्याकडे चालले होते, आणि त्या बिचाऱ्याला कुठे वाचता येतंय!

काकांनी कॅमेऱ्याला नवा नंबर दिला, वायर परत खोचली. प्रिंटर घरघरला आणि सकाळपासून लॅबच्या संगणकात अडकून पडलेले सगळे रिपोर्ट त्यानं भसाभसा ओकले.

“काका म्हणजे काका! दोन मिनिटांत!” सिस्टरनी टाळी वाजवली.

ती टाळी काकांना कानाखाली बसल्यासारखी वाटली.

काका खाली लॅबमध्ये आले, तेव्हा लॅबताई खुलासा लिहीत होत्या. “झालं ना चालू?” त्या वर न बघता म्हणाल्या. “माझंच काहीतरी चुकलं असणार हो. वय झालं आता. तसंच लिहिते.”

गप्प बसलं तर? कुणाला कळणार होतं? कॅमेरा थोडाच चुगली करणार! काका दारापर्यंत गेले. आणि परत आले.

“ताई, ते लिहू नका. चूक माझी आहे.”

त्यांनी घडाघडा सगळं सांगून टाकलं. ताईंनी पेनाला टोपण लावलं. आता त्या चांगल्या झाडतील, असं काकांना वाटलं. तेच बरं झालं असतं.

“मी तीनदा फोन केला होता,” एवढंच बोलून त्या आपल्या नळ्यांकडे वळल्या.

काकांनी डॉक्टरांना लेखी दिलं. पण मेमोची नोंद झालेली होती. ती काही निघाली नाही. काकांचा कागद तेवढा त्याला टाचला गेला.

ताईंच्या शेवटच्या दिवशी त्यांचाच फोन आला. “काका, वर प्रिंट येत नाही.”

बोटं कीबोर्डपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. काका उठून सरळ लॅबमध्ये आले.

“द्या तो रिपोर्ट. आधी तो पोचवतो, मग प्रिंटर बघतो.”

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कागद त्यांच्या हातात ठेवला.

चौसष्ट पायऱ्या होत्या. एकोणीस वर्षांत काकांनी त्या पहिल्यांदाच मोजल्या.