नाडी नसलेले बूट

"तुमचे उपग्रह फ्रिजला चिकटतात का?"

नोएलियानं भर वर्गात उभं राहून विचारलं. मागच्या बाकावर पिलार आणि आब्रिल एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत होत्या. पैज त्यांनीच लावली होती, आणि नोएलिया खरंच उठून विचारेल असं दोघींनाही वाटलं नव्हतं. मागच्या वर्षीची नोएलिया असती तर बाकाखाली शिरली असती. पण यंदा तिला नवाच शोध लागला होता: हात वर केला की हात तुटून पडत नाही.

राजधानी मोंतेविदेओहून आलेली इंजिनिअर रोमिना हसली. "चिकटतात ना! म्हणून तर आमच्या लॅबमधला फ्रिज बाहेर व्हरांड्यात गेलाय. लोणी आणायला थंडीत कुडकुडत जावं लागतं."

मग तिनं बुटांच्या खोक्याएवढे दोन डबे टेबलावर ठेवले. दोन्ही डब्यांत तांब्याच्या तारेची गुंडाळी होती. वीज सोडली की ती चुंबक होणार, बंद केली की पुन्हा नुसती तार. अवकाशात दोन छोट्या उपग्रहांनी इंधनाचा थेंबही न जाळता एकमेकांना जवळ ओढायचं आणि जोडून घ्यायचं, असा बेत होता.

"पण चुंबक म्हणजे हावरट प्राणी," रोमिना म्हणाली. "लांब असताना ढिम्म हलणार नाही, आणि जवळ आला की झडपच घालणार. म्हणून अंतर कमी होईल तशी वीजही कमी करत आणायची. रॉकेटवर आम्हाला जागा मिळालीय. चुंबक पाठवायचं की साधा स्प्रिंगचा आकडा, हे सोमवारी सकाळी कळवायचंय. आणि नेमका आत्ताच आमच्या तरंगत्या टेबलाच्या पंपानं जीव सोडला."

"तरंगतं टेबल म्हणजे?" मागून पिलारनं विचारलं.

"भोकाभोकांतून हवा येते, वस्तू वर अधांतरी राहते. अवकाशात असल्यासारखी."

नोएलियाचा हात परत वर. "आमच्याकडे आहे की! एअर हॉकीचं, चकती ढकलून गोल करायचं. लहान होते तेव्हापासून मी त्यावर गोल खातेय."

नोएलियाच्या बाबांचं, मिल्टनचं, पिरिआपोलिसच्या किनाऱ्यावर गेम पार्लर होतं. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसे, आणि ऑगस्टमधल्या ऐन हिवाळ्याच्या गारठ्यात वारा आणि मांजर सोडून कुणी फिरकत नसे. एअर हॉकीवर मिल्टनला आजवर कुणी हरवलं नव्हतं. भिंतीकडची बाजू त्याची, खिडकीकडची समोरच्याची, असा रिवाजच पडला होता. समोरच्या औषधाच्या दुकानाचे वॉशिंग्टनकाका दर आठवड्याला हरत आणि दर आठवड्याला बदला घ्यायला येत.

शनिवारी सकाळी रोमिनाची गाडी दारात थांबली तेव्हा नोएलियाला एक गंमत दिसली. बाबा घाईघाईनं टेबलाच्या भिंतीकडच्या पायाशी वाकले आणि काहीतरी खिशात टाकलं. मग हात पसरून पाहुण्यांना सामोरे गेले.

रोमिनाचा मदतनीस गास्तोन फार टापटिपीचा. त्यानं सपाटी मोजायची बुडबुड्याची काचनळी टेबलावर चहूकडे ठेवून पाहिली, पाय फिरवून फिरवून बुडबुडा मधोमध आणला. पंप सुरू केला, चुंबकं बंद ठेवून डबे सोडले. जिथं सोडले तिथंच राहिले, जरासुद्धा सरकले नाहीत.

"वा!" रोमिना म्हणाली. "तुमचं टेबल आमच्यापेक्षा भारी आहे, नोएलिया."

"थँक्यू, तुम्हाला..."

"अगं तू म्हण मला. तुम्ही म्हटलं की मागे वळून आजीला शोधते मी."

चुंबकं चालू करायचं उद्यावर ठेवून संध्याकाळी पाहुणे हॉटेलवर गेले आणि उपग्रह बघायला गल्ली लोटली. वॉशिंग्टनकाका काखेत थर्मास आणि हातात माते नावाच्या कडू चहाचा पोकळ भोपळा घेऊनच आले.

"काय मिल्टन, नासावाले आले म्हणे तुझ्याकडे! आता तरी हरशील का?"

"तुला हरवायला नासा कशाला? माझा डावा हात पुरे."

डबे कपाटात गेले, चकती टेबलावर आली. सुरुवातीचे दोन गोल चक्क काकांनी केले. बाबांचा चेहरा तळताना फाटलेल्या तोर्ता फ्रिता पुरीसारखा झाला. "थांब, थांब, बुटाची नाडी सुटली," म्हणून ते खाली वाकले. मग उठले, आणि धडाधड सगळे गोल त्यांचेच.

काका नेहमीसारखे हात चोळत घरी गेले. नोएलिया मात्र बाबांच्या पायांकडे बघत राहिली. त्या बुटांना नाड्याच नव्हत्या.

रविवारी चुंबकं चालू झाली आणि सगळा घोळ झाला. दोन्ही डबे एकमेकांकडे निघत आणि वाटेत खिडकीकडे ओघळत. एकदा पाठीला पाठ लावली, एकदा कोपऱ्यात जाऊन दाणकन आपटले. रोमिनानं तारा तपासल्या, वीज कमी केली, वाढवली. डबे आपले खिडकीकडे.

"काल चुंबकं बंद होती तेव्हा हलत नव्हते," गास्तोन म्हणाला. "म्हणजे दोष चुंबकांचाच. सोड आता. स्प्रिंगचा आकडा पाठवू."

रोमिनानं दोन्ही डबे जवळ ओढून घेतले. वर्गात लोण्याचे विनोद करणारी हीच का, असं वाटावं इतकी ती एवढीशी दिसत होती. "तीन वर्षं घातली रे यात," ती पुटपुटली. "अजून एकदा बघू. नाहीच जमलं तर कळवून टाकते."

ही खिडकीकडची घसरण नोएलियाच्या चांगली ओळखीची होती. याच घसरणीवर ती आयुष्यभर गोल खात आली होती! पण आता सांगायचं तरी कसं? दारात वॉशिंग्टनकाका माते ओढत मजा बघत उभे. एक शब्द तोंडातून निघाला की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात बाबांचा बँड वाजणार. न सांगावं तर रोमिनाची चुंबकं कायमची कपाटात.

तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा एकदम छताकडे बघायला लागले.

"बाबा, काही म्हणायचंय का?"

"मी? छे! तोर्ता फ्रिता घ्या ना सगळ्यांनी, गार होतायत."

बरं तर. नोएलियानं हात वर केला. शाळा नव्हती, पण सवय.

"काल संध्याकाळी आम्ही या टेबलावर मॅच खेळलो. ते हललं असणार. परत मोज, रोमिना."

"मॅच?" गास्तोन जवळजवळ किंचाळला. "प्रयोगाच्या टेबलावर?" काचनळी टेकवली मात्र, बुडबुडा पळत भिंतीकडे गेला. गास्तोन खाली वाकणार, काका मान उंचावणार, तेवढ्यात नोएलिया ओरडली, "अगं बाई, माझी नाडी!" आणि टेबलाखाली घुसली. तिच्या बुटांना निदान नाड्या तरी होत्या. टेबलाच्या भिंतीकडच्या पायाखालून डॉमिनोची सोंगटी निघाली. तिनं ती मुठीत दाबली आणि बाहेर आली.

"आता मोज."

बुडबुडा मधोमध.

"घरातल्या घरात नाड्या सुटायची साथ आलीय का रे, मिल्टन?" काका म्हणाले. बाबांना नेमका तेव्हाच खोकला आला.

पंप घरघरला. रोमिनानं डबे सोडले. दोघं आधी जागचे हलेनात, आपण त्या गावचेच नाही अशा थाटात. मग एकानं थोडं अंग वळवलं. दुसऱ्यानं वळवलं. सरळ, अगदी सरळ रेषेत ते जवळ येत गेले, आणि आता झडप घालणार असं वाटत असतानाच मंदावले. टक. बटण लागावं एवढाच आवाज झाला.

रोमिनानं आधी गास्तोनला मिठी मारली, मग नोएलियाला, मग चुकून वॉशिंग्टनकाकांना. त्यानंतर डबे पुन्हा पुन्हा सोडले, आणि दर वेळी तेच: टक.

निघताना गाडीची काच खाली करून ती म्हणाली, "चुंबकंच जाणार! पण पुढचा महिनाभर दर शनिवारी यावं लागेल आम्हाला. टेबलावर लक्ष ठेवायला विश्वासाचं माणूस हवं. करशील?"

रात्री जेवताना नोएलियानं मिलानेसा कटलेटच्या ताटलीशेजारी सोंगटी ठेवली. बाबांचा काटा हवेतच राहिला.

"अय्या, माझी डबल सहा!" आई ओरडली. "लग्नापासून शोधतेय मी ही! कुठे होती?"

"सांगते," नोएलिया म्हणाली. "पण त्याआधी ऐका दोघंही, मी ठरवलंय. रोमिनाला मी हो म्हटलंय. आजपासून टेबल माझ्या ताब्यात. ते सपाट राहणार, शनिवारीही आणि बाकीच्या वारीही. ही सोंगटी आईच्या डब्यात जाणार. आणि बाबा, बुधवारी वॉशिंग्टनकाकांशी तुमची मॅच आहे. मी त्यांना सांगून आलेय. खिडकीकडच्या बाजूला तुम्ही उभं राहायचं."