राळ्याचा बार

शिवम्माने केसातला आकडा काढला, काडतुसाच्या तोंडावरची पुठ्ठ्याची चकती अलगद उचलली आणि आतले छर्रे परातीत ओतले. ते टणटणत परातभर फिरले. तिने दाराकडे पाहिले. कडी लावलेली होती, तरी पाहिले. चोरीची सवय नसलेल्या माणसाला कडीचाही भरवसा वाटत नाही.

छर्रे हिंगाच्या रिकाम्या डब्यात गेले. त्यांच्या जागी तिने मुठीतून राळे सोडले, वरीसारखे बारीक, पिवळे दाणे, चाळून घेतलेले. चकती परत बसवली, पळीतल्या कोमट मेणाचे दोन थेंब कडेला लावले आणि बोटाने दाबून घेतले. खालच्या दारूला हात लावायचा नाही, एवढे तिला पक्के ठाऊक होते. सात वर्षांत तिचा हात इतका बसला होता की दोन काडतुसे व्हायला चुलीवरचे दूध उतू जाण्याइतकाही वेळ लागत नसे.

बंदूक तिच्या नवऱ्याची, चनबसप्पाची. सोलापुरात त्याचे भुसार मालाचे दुकान होते आणि अक्कलकोटच्या वाटेवर थोडी जमीन. रानडुकरांसाठी म्हणून त्याने परवाना काढला. डुकरे कधी समोर आली नाहीत, लग्ने मात्र भरपूर आली. अक्षता पडल्या की चनबसप्पाने आभाळात बार काढायचा, असा नात्यागोत्यात रिवाजच पडून गेला. पत्रिकेच्या खाली कुणीतरी शाईने लिहायचे, ‘बंदुकीसह येणे.’ ती ओळ वाचून चनबसप्पा मिशीत हसायचा. नुसत्या तुम्हाला कोण बोलावतंय, असे शिवम्मा चिडवायची, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

मग सात वर्षांपूर्वी जगदेवी गेली. ती शिवम्माची मावसबहीण. एका लग्नात दुसऱ्याच कुणाच्या तरी बंदुकीचा बार वर गेला, आणि वर माळवदावर जगदेवी अक्षता घेऊन उभी होती. बंदूकवाला काही वाईट माणूस नव्हता. मी तर वरच उडवली, मी तर वरच उडवली, एवढेच तो रडत म्हणत राहिला. शिवम्माने घरी येऊन नवऱ्याला सांगितले, आता पुरे.

“माझ्या बंदुकीनं कुणाला धक्का लागायचा न्हाई,” तो म्हणाला होता. “जबाबदारी माझी.”

तो काळजी घ्यायचा, हे खरेच होते. काडतुसे कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली चोवीस तास करदोट्याला. फक्त लग्नाच्या आदल्या दिवशी गडबडीत किल्ली खुंटीवर राहून जायची. देवाची कृपा, असे म्हणून शिवम्मा कडी लावायची आणि कामाला बसायची.

भीती एकच होती, चनबसप्पाच्या हाताची. तीस वर्षे तराजू धरलेला तो हात. पसाभर तूर उचलून तो छटाक सांगायचा. छर्रे जड, राळे हलके. एक ना एक दिवस त्याला कळणार, आणि आपल्या बायकोचा आपल्यावर भरवसा नाही हे त्याच्या मनाला लागणार. गावाला कळले तर आणखी वाईट. राळ्याचा बार काढणारा म्हणून त्याला कोण पुन्हा बोलावणार? त्याचे ते मिशीतले हसू शिवम्माला फार प्रिय होते.

दुसऱ्या दिवशी चनबसप्पाच्या चुलत भावाच्या, संगप्पाच्या मुलीचे लग्न होते. मांडव गर्दीने फुलला होता. वाजंत्रीवाले एका बाजूला बसले होते आणि ढोलवाला पोटावर ढोल बांधून उभा होता. चनबसप्पा कोसा फेटा बांधून, बंदूक खांद्याला लावून मांडवाच्या कडेला उघड्यावर उभा होता. नळी आभाळाकडे, बोट चापापासून लांब. संगप्पा मुलीचा बाप, पण त्याचे लक्ष सकाळपासून बंदुकीवर होते.

“अण्णा, आमच्या मेव्हण्याचा पोरगा अमेरिकेत हाय की,” तो म्हणाला. “पत्र आलंय. तितं म्हणे कुणीबी दुकानात जायचं आन बंदूक घेऊन यायचं. आपल्यावानी कचेरीत चपला झिजवायचं काम न्हाई.”

“मग तितं माणसं मरत न्हाईत व्हय?”

“मरत्यात की. लई मरत्यात. तेबी लिवलंय.”

“मग आपल्या चपला झिजल्या तर झिजू दे,” चनबसप्पा म्हणाला आणि त्याने बंदुकीचा घोडा मागे ओढून ठेवला, कारण भटजींच्या जागी बसलेल्या स्वामींनी हात वर केला होता.

अक्षता उडाल्या. आणि त्याच क्षणी संगप्पाला राहवले नाही.

“अण्णा, माझ्या लेकीचं लगीन हाय! आजचा बार माझा!”

त्याने बंदुकीला हात घातला. चनबसप्पाने ओढून धरली, नळी खाली आली, आणि बार उडाला.

ढोल टिपरू न लागता वाजला. ढोलवाला मटकन खाली बसला. सनई थांबली, बायकांच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. शिवम्माच्या तोंडून “अय्यो शिवने” एवढेच निघाले. ढोलवाला आपली छाती चाचपत होता, मग पोट, मग पुन्हा छाती. घामेजल्या मानेवर काहीतरी पिवळे चिकटले होते. त्याने बोटाने एक दाणा काढला, निरखला आणि दाताखाली धरला.

“राळं हायत की हो!”

आधी एक जण हसला, मग सगळा मांडव. संगप्पा पांढराफटक पडला होता, पण तोंड त्याचे तेवढ्यातही चाललेच.

“अण्णा, बंदुकीत राळं?”

सगळ्या माना चनबसप्पाकडे वळल्या. शिवम्माने पदर तोंडात धरला. चनबसप्पाने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने बंदूक मधून वाकवून उघडली, रिकामे काडतूस काढून खिशात टाकले.

“व्हय, राळंच. मांडवात काय छर्रं भरू? डुकरं आल्यात का लग्नाला?”

पुन्हा हशा झाला. मग तो ढोलवाल्यापुढे गेला आणि त्याने हात जोडले.

“बंदूक माझी. दुसऱ्याच्या हातात गेली, ही चूकबी माझीच. ढोलाचं कातडं मी नवं घालून देतो.”

ढोलवाल्याने कातड्यावर थाप मारून पाहिली. आवाज चांगला होता. त्याने ठेका धरला आणि लग्न पुढे चालू झाले.

संध्याकाळी घरी आल्यावर चनबसप्पाने बंदूक पुसली, भिंतीला टांगली आणि पाटावर बसला. शिवम्माने ताट वाढले. मांडवात याने सांभाळून घेतले, पण आता घरात बोलणार, हे ती धरूनच चालली होती. त्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

“तराजूचा धंदा हाय माझा,” तो शेवटी म्हणाला. “काडतूस हातात घेतलं की कळतं.”

शिवम्माने पळी खाली ठेवली. “कवापासनं?”

“पहिल्यापासनं. लई राग आला हुता. परत छर्रं भरणार हुतो. पर वेळ न्हवता, तसाच बार काढला. बाराला चिमण्या उडत्यात की न्हाई? त्या दिवशी उडाल्या आन परत खाली आल्या. माझ्या पायापाशी पडलेलं राळं टिपायला लागल्या.” त्याने ताटातला भाकरीचा तुकडा मोडला. “जगदेवी मलाबी आठवती गं. म्हटलं, चाललंय ते चालू दे.”

“मग बोलला का न्हाई?”

“तू बोललीस व्हय?”

शिवम्मा हसली आणि हसताहसता तिचे डोळे भरले. पदराने डोळे पुसून तिने त्याला आणखी एक भाकरी वाढली. त्याने नको म्हटले नाही.

महिन्याभरात पुढची पत्रिका आली. खाली शाईने ओळ होतीच, उलट या वेळी तिच्याखाली रेघही ओढलेली होती. लग्नाच्या आदल्या सकाळी चनबसप्पाने टोपी घातली, चपला सरकवल्या आणि तो दुकानाला निघाला. शिवम्माचे लक्ष खुंटीकडे गेले. किल्ली लोंबत होती, आणि खाली कोनाड्यात कागदाची एक पुडी होती. तिने पुडी उघडली. निवडून, पाखडून आणलेले राळे.

सात वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याला दारातून हाक मारली.

“अवो, किल्ली राहिली.”

तो वळला नाही, नुसता मिशीत हसल्यासारखा आवाज आला.

“राहतीय कुटं? सात वरसं ठेवतोयच की.”